गुलाबावरचे शब्द

थेडे लोरेन्सन दार न वाजवता बहिणीच्या स्वयंपाकघरात शिरला. टोपी काढली नाही, 'मोइन' म्हणून रामरामही घातला नाही. खुर्ची ओढून बसला आणि डाव्या पायाची विजार गुडघ्यापर्यंत वर सारली. गेशे बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली.

नडगीवर तळहातापेक्षा मोठा लालभडक चट्टा होता. कातडी ताणून चकचकीत झालेली, कड अशी स्पष्ट की पेन्सिलीने गिरवून घ्यावी. धावरं. उत्तर जर्मनीत, समुद्राच्या बांधाच्या अलीकडच्या या सखल मुलखात त्याला सगळे 'गुलाब' म्हणतात. ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याला एकदा तो व्हायला हवा होता.

"आलं वाटतं परत," गेशे म्हणाली.

"आलं. काल धारा काढताना हुडहुडी भरली, तेव्हाच ओळखलं मी. कर सुरू."

'कर ना', 'करशील का' असं काही नाही. ते उद्धटपणाचं नव्हतं. थेडे नियम पाळत होता.

गेशेकडे गुलाबावरचे शब्द होते. तिच्या सासऱ्याने मरायच्या आधी कानात सांगितलेले. पुरुषाने बाईला द्यायचे, बाईने पुरुषाला; आणि देणाऱ्याकडून ते कायमचे जातात. रोग्याने विनवायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत आणि आभार तर चुकूनही मानायचे नाहीत, मानले की सगळं पाण्यात. घरी परत जाताना वाटेत कोणाशी बोलायचं नाही. आणि ज्याच्याकडे शब्द असतात त्याने 'आहेत' असं कबूल करायचं नाही. कोणी पाय घेऊन दारात आलं की गेशे आधी म्हणायची, "मला बाई काय येतंय?" आणि मग खुर्ची पुढे करायची. येणाराही त्या वाक्याने निर्धास्त व्हायचा. नाही म्हणाली, म्हणजे योग्य ठिकाणी आलो.

गेशेचा स्वतःचा या शब्दांवर किती विश्वास होता, हे तिने कधी तपासून पाहिलं नाही. चार ओळी होत्या, जुन्या बोलीतल्या, एका ओळीचा अर्थ तर तिला लागतही नव्हता. पण एक गोष्ट तिने कधी चुकवली नाही. शब्द म्हणून झाले की ती कोट चढवायची आणि म्हणायची, "चला, आता डॉक्टरकडे. शब्दांनी हा बसतो, पण उठवून हाकलायला गोळ्याच लागतात." रोगी वाटेत बोलू शकत नसे, त्यामुळे वादही घालू शकत नसे. गाडीत बसवायचं, दवाखान्याच्या दारात उतरवायचं. गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरांना हे सगळं ठाऊक होतं आणि ते तिला दर नाताळाला भाजलेलं बदक पाठवायचे. आता त्यांच्या जागी तरुण डॉक्टरीण आली होती, तिलाही गेशेने सावकाश पटवलं होतं.

सगळ्या गावात एकच माणूस या गाडीत बसत नव्हता, आणि तो तिचा सख्खा भाऊ होता.

"विजार खाली कर," गेशे म्हणाली. "तुला घेऊन जाते मी. आत्ताच्या आत्ता."

"कुठे?"

"चर्चमध्ये लग्नाला! कुठे म्हणजे काय? डॉक्टरकडे."

"मी नाही जात."

"थेडे, लहान पोरासारखं करू नकोस. ती बाई काय तुझा पाय कापून ठेवून घेणार आहे? लवकर गेलं तर नुसत्या पेनिसिलिनच्या गोळ्या. ताप जास्त असला तर इस्पितळात तेच औषध सलाईनमधून. पाय उशीवर उंच ठेवायचा, थंड पट्ट्या ठेवायच्या, आणि बोटांच्या बेचक्यात तुझ्या त्या जन्माच्या चिरा आहेत ना, त्यांना मलम. तिथूनच शिरतो हा. एवढंच. यात भिण्यासारखं काय आहे?"

"भितोय कोण?" थेडेने टोपी मागे सारली. "मागच्या वेळी कुठे गेलो होतो डॉक्टरकडे? तू शब्द म्हणालीस, फ्राउकेने सेवा केली, आणि बरा झालो. एक गोळी पोटात गेली नाही माझ्या. एक! म्हणून तर सांगतोय, म्हण."

गेशेच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने वळून किटली उगीच विस्तवावर ठेवली.

मागच्या वेळी थेडेच्या पोटात भरपूर गोळ्या गेल्या होत्या. त्याच्या बायकोने, फ्राउकेने, म्हाताऱ्या डॉक्टरांपुढे रडून त्या मिळवल्या होत्या. ती दोन चमच्यांमध्ये धरून त्यांचा भुगा करायची आणि आलुबुखाराच्या मुरंब्यात कालवून त्याच्या पावाला लावायची. गेशे शब्द म्हणायची आणि फ्राउके मुरंबा लावायची. "यंदाची फळं कडू निघाली," असं थेडे पाव चघळत म्हणायचा, आणि दोघी नणंदा-भावजया टेबलाखाली एकमेकींच्या पायावर पाय देऊन हसू दाबायच्या. तो खडखडीत बरा झाला आणि पंचक्रोशीत सांगत सुटला, की डॉक्टर गेले खड्ड्यात, आमची गेशे आहे. पुढल्याच वर्षी फ्राउके हृदय बंद पडून गेली. गुपित तिच्याबरोबर पुरलं गेलं, निदान अर्धं तरी.

आता सांगून टाकावं, असं गेशेच्या ओठांवर आलं होतं. पण थेडे रोज सकाळी फ्राउकेच्या फोटोला आजचं हवामान सांगायचा. वारा कुठला, भरतीला पाणी किती. तिचा एप्रन अजून खुंटीवर होता, आणि तो धुवायला नेला म्हणून त्याने शेजारणीला घराबाहेर काढलं होतं. या माणसाला सांगायचं, की तुझी बायको तुला रोज फसवत होती आणि मी टेबलाखालून हसत होते? गेशेच्याने ते होईना.

आणि शब्द म्हणावेत, तर हा इथून सरळ घरी जाऊन खाटेवर पडणार. गाडीत बसणार नाही. मुरंबा लावणारी कोणी उरली नव्हती.

तेव्हा गेशेला युक्ती सुचली. ती अजिबात वाईट वाटली नाही, हेच पुढे तिला सगळ्यात जास्त खुपलं.

"माझ्याकडे नाहीत रे ते आता," ती पाठमोरीच म्हणाली.

"काय नाहीत?"

"शब्द. दिले मी. टामेला दिले."

टामे तिचा मुलगा. शंभर किलोमीटरवर नॉयम्युन्स्टरला फरशा बसवायचं काम करायचा. लहानपणी रोगी आला की त्याला अंगणात पिटाळलं जायचं, आणि या विषयावर घरात कधी चकार शब्द निघत नसे. त्यालाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

गेशेला वाटलं, आता हा भांडेल. पण त्याने विजार खाली केली आणि मान हलवली. "बरं केलंस. आपलं वय झालं. अशा गोष्टी वेळेवर दिलेल्या बऱ्या," असं तो इतक्या समजूतदारपणे म्हणाला, की तिला भरून आलं. ती दारापर्यंत गेली.

"मग आता डॉक्टरकडेच जावं लागेल तुला," ती म्हणाली.

"बघतो मी माझं," थेडे म्हणाला आणि लंगडत गेला.

गेशेने बटाटे उकडायला टाकले आणि त्या दुपारी ती स्वतःवर भलतीच खूश होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने या हटवाद्याला कोंडीत पकडलं होतं. लहानपणापासून तोच जिंकत आलेला. घसरगाडी त्याची, सायकल त्याची, बापाच्या मागे गोठाही त्याचा. आता एकदा तिची बाजू वर आली होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी सकाळी तिने खिडकीतून पाहिलं, थेडेची करडी गाडी पुलावरून मोठ्या रस्त्याला लागली. दवाखाना त्याच बाजूला होता. तरी खात्री असावी म्हणून तिने फोन केला. "माझा भाऊ आला होता का हो, लोरेन्सन?" पलीकडची मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "असं सांगता येत नाही आम्हाला, माहीत आहे ना तुम्हाला." त्या थांबण्याचा अर्थ गेशेने आपल्या सोयीने लावला.

शनिवारी ती त्याच्याकडे गेली नाही. रुसलेल्या लोरेन्सनच्या दारात जाऊ नये, त्याचा राग आपोआप उतरू द्यावा, हा त्यांच्या घराण्यातला शहाणपणा होता. शिवाय तो विचारेल, की मला न सांगता का दिलेस, कधी दिलेस, आणि तिला त्यावर आणखी काहीतरी रचावं लागेल. खोटं एकदा बोलणं ठीक, पण ते सांभाळायला वेळ लागतो. तिने कोबी चिरला, मटणाचा सॉसेज घालून शिजवला, आणि एक डबा त्याच्यासाठी वेगळा काढून फ्रीजमध्ये ठेवला.

रविवारी संध्याकाळी टामेचा नेहमीचा फोन आला. गेशे चहात खडीसाखर घालून ऐकत बसली. सून बरी, नवीन ठिकाणचा मुकादम आडमुठा, पावसाने पाठ धरलेली.

"आणि आई, थेडेमामाचं काय चाललंय? परवा माझ्याकडे आला होता."

"तुझ्याकडे?"

"शुक्रवारी. कामावरून आलो तर दारात गाडी लावून बसलेला. मला वाटलं काय झालं. आत आला, बसला, आणि विजार वर केली. बोलणं नाही, चालणं नाही! पाय असा लाल होता ना, आई. मी म्हटलं, मामा, मला काय येतंय यातलं, मी फरशीवाला माणूस. तर एकदम खूश झाला. मान डोलवायला लागला."

गेशेने कप खाली ठेवला.

"मग?"

"मग काय. वाकून हात लावून पाहिलं, विस्तवासारखा तापलेला. मी आपला 'अरे देवा, अरे देवा' करत होतो, तर हा डोळे मिटून बसलेला. मग उठला आणि निघाला. कॉफी घे म्हटलं, नाही. डॉक्टरला दाखवलंयस ना म्हटलं, तर ओठांवर बोट ठेवून गाडीत बसला. म्हातारपणी विचित्रच झालाय. मला वाटलं, तू बघितलं असशीलच. तुझ्या घरापासून चार पावलांवर राहतो, तू बघितल्याशिवाय... आई? ऐकतेयस ना?"

गेशेने फोन ठेवलाही नाही. ती चपलांवरच बाहेर पडली.

थेडे बैठकीच्या खोलीत खुर्चीवर होता. पाय खाली सोडलेला, जाड लोकरी मोजा घातलेला, वर घोंगडी. खोली गरम होती आणि तो कुडकुडत होता. चेहरा मेणासारखा, पण हसरा.

"ये ये," तो म्हणाला. "फार जळतंय. जळतंय म्हणजे निघतंय."

तिने घोंगडी ओढली. मोजा काढायची गरज पडली नाही. मोज्याच्या वरच सगळं दिसत होतं. लाली गुडघा ओलांडून मांडीत शिरली होती. पोटरीवर पाण्याने भरलेले फोड आले होते आणि त्यांच्या मधली कातडी जांभळी, काही ठिकाणी काळपट पडली होती. इतक्या वर्षांत इतके पाय तिच्या त्या खुर्चीवर येऊन गेले, पण असा पाय तिने पाहिला नव्हता.

रुग्णवाहिकेला फोन करताना तिला थेडेच्या घराचा नंबर आठवेना. पलीकडच्या माणसाने शांतपणे दोनदा विचारलं.

"कशाला बोलावतेस?" थेडे कुरकुरला. "काम झालंय. पोरगा हुशार आहे तुझा. अगदी तुझ्या सासऱ्याचा हात. हळू आवाजात काय म्हणाला ते मला कळलं नाही, पण हात ठेवल्याबरोबर गार वाटलं बघ."

"थेडे, ऐक माझं. टामेकडे काही नाहीये. मी खोटं बोलले. त्याला काही येत नाही."

थेडेने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत इतकं कौतुक होतं की तिला ते सहन होईना.

"असंच म्हणायचं असतं," तो म्हणाला.

"नाही रे बाबा, खरंच! शब्द माझ्याकडेच आहेत. मी तुला डॉक्टरकडे धाडायला—"

"दिल्यावर परत मागू नये, गेशे." एवढं बोलून तो दमला. जरा वेळाने तो तिला फ्राउके म्हणायला लागला आणि वारा कुठला आहे ते सांगायला लागला. वारा वायव्येचा होता, ते मात्र त्याने बरोबर सांगितलं.

रुग्णवाहिकेत गेशे त्याच्या डोक्याशी बसली. शब्द तिच्या तोंडात आले होते. नकळत ती ते म्हणूही लागली होती, पण तिसऱ्या ओळीवर तिची तिलाच लाज वाटली आणि ती थांबली.

इस्पितळात त्यांनी दोन्ही हातांना नळ्या लावल्या. आता गोळ्यांचा प्रश्न नव्हता. एकावर एक औषधं चढत होती. कोणीतरी पायावर पेनने लालीची कड आखली, आणि गेशे तिथे उभी असताना लाली त्या रेघेच्या पुढे गेली. सकाळी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी पायातली मेलेली कातडी कापून काढली. विष रक्तात गेलंय, मूत्रपिंडं थांबलीत, असं त्यांनी सांगितलं. ते सभ्य माणूस होते, "इतके दिवस कोणी पाहिलं नाही का?" हा प्रश्न त्यांनी एकदाच विचारला आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

मंगळवारी दुपारी, ऊन पडलेलं असताना, थेडे गेला.

टामे रविवारीच निघून आला होता. अंगावर घाईत चढवलेली कामाची विजार, गुडघ्यांवर सिमेंट वाळलेलं. तो आणि गेशे इस्पितळाच्या मार्गिकेत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसले. थेडेचं सामान एका पिशवीत घालून कोणीतरी त्यांच्या पायाशी आणून ठेवलं होतं.

"मी मारलं त्याला," टामे म्हणाला. "हात लावून पाहिलं मी. तापलेला होता. लहान मुलालाही कळलं असतं. आणि मी त्याला जाऊ दिलं, कारण मला आंघोळ करायची होती."

गेशेला अजूनही गप्प बसता आलं असतं. कोणाला काही कळलं नसतं. थेडे म्हातारपणी विचित्र झाला होता, असं मुलगा स्वतःच म्हणाला होता, आणि गावानेही तेच म्हटलं असतं. पण तिच्याशेजारी तिचा मुलगा बसला होता आणि स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"तू नाही," ती म्हणाली. "मी पाठवलं त्याला तुझ्याकडे."

मग तिने सगळं सांगितलं. मुरंब्यापासून सांगितलं. सांगताना तिने स्वतःला वाचवलं नाही. जिंकल्याचा जो आनंद त्या दुपारी झाला होता, तोही तिने सांगितला. मार्गिकेतून जेवणाची गाडी खडखडत गेली आणि आली.

"म्हणजे शब्द तुझ्याकडेच आहेत," शेवटी तो म्हणाला.

"आहेत."

"मग म्हणायचे होतेस ना."

"म्हणाले असते तर तो घरी जाऊन झोपला असता. डॉक्टरकडे गेला नसता तो, टामे. तुला माहीत नाही तो कसा होता. माझ्या सांगण्याने तो कुठेही गेला नसता."

"आई," टामे म्हणाला. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. "तू सांगितलंस म्हणून तो तसला पाय घेऊन शंभर किलोमीटर आला. तू म्हणाली असतीस ना, की शब्द आता त्या डॉक्टरणीच्या खुर्चीवर बसल्याशिवाय लागत नाहीत, तर तो तिथेही गेला असता. त्याने गोळ्यासुद्धा घेतल्या असत्या. फक्त तू त्या दिल्या असत्यास तर."

टामेने वाकून पिशवी उचलली आणि गाडी काढायला गेला. गेशे तिथेच बसून राहिली.